सासरचं पाणी

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावाला जा. नदी ज्या अंगानं गावात शिरते तिकडे प्यायचं पाणी उचलणारी जॅकवेल असते आणि ज्या अंगानं गाव सोडते तिकडे गावातला ओढा येऊन मिळतो. ही रचना कुणी शिकवावी लागत नाही. नगररचना खातं जन्माला यायच्या आधीपासून ती गावोगाव ठाऊक आहे. प्यायचं ते वरून घ्यायचं, सोडायचं ते खाली सोडायचं. एका गावापुरतं पाहिलं तर ह्यात काहीच चुकत नाही. घोटाळा एवढाच, की आपली खालची वेस ओलांडून नदी चार कोस गेली की दुसऱ्या गावाची वरची वेस लागते आणि तिथे त्या गावाची जॅकवेल असते.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं वाडवडील सांगून गेले. नदीचं पुढे काय होतं ते विचारू नये, असं मात्र ते कुठेही म्हणालेले नाहीत. ती मनाई आपण आपल्या सोयीनं करून घेतली. आणि कृष्णेचं मूळ तर खुशाल विचारावं असं आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात ती गोमुखातून पडते आणि लोक ते पाणी बाटल्यांत भरून घरी नेतात. विचारू नये असं जे काही होतं, ते ती घाट उतरून माणसांत आल्यावर होतं.

मी सांगलीचा आणि माझी सासुरवाडी वाईची. स्थळ जुळवताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी गोत्र पाहिलं, नाडी पाहिली, मुलाचा पगार पाहिला. वाई वर आहे आणि सांगली खाली, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. लग्नात गुरुजींनी मंगलाष्टकांतून देशभरच्या नद्यांना आशीर्वादाला बोलावलं. आपलीच एक नदी दोन्ही घरांत आधीपासूनच ये-जा करत होती, हेही कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून असं चाललंय की सासरे जावयाला जे दिवाळीला देतात ते वर्षातून एकदा पोचतं आणि नदीतून जे देतात ते बारा महिने पोचत असतं. वाटेत माहुलीला वेण्णा आणि कराडला कोयना आपापल्या गावांचा आहेर घेऊन त्यात सामील होतात. सांगलीला येईपर्यंत भरपूर झालेलं असतं.

माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, भूगोलाचे मास्तर होते. कृष्णेच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या उपनद्या त्यांनी तीन पिढ्यांकडून घोकून घेतल्या. त्या यादीत गटारं नव्हती. पाठ्यपुस्तकातही नव्हती, त्यामुळे मामांना दोष देता येत नाही. वास्तविक आज उन्हाळ्यात कृष्णेला बारमाही म्हणता येतील अशा ज्या काही उपनद्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच त्याच आहेत.

वाईकरांचं नदीशी असलेलं नातं मात्र बाहेरच्यानं हसण्यावारी नेऊ नये. वाईत कृष्णा नसते, कृष्णाबाई असते. हिवाळ्यात तिचा उत्सव सुरू होतो आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर करत उन्हाळ्यापर्यंत चालतो. गावाला सात घाट, प्रत्येक घाटाचा मान वेगळा, कीर्तनं वेगळी, प्रसाद वेगळा आणि आपलाच उत्सव जास्त चांगला झाला हा अभिमानही वेगळा. अफजलखानाचं संकट टळावं म्हणून शेंडेशास्त्र्यांनी कृष्णाबाईला नवस केला आणि तिथून ही प्रथा पडली, असं परंपरा सांगते. म्हणजे स्वराज्यावरचं संकट नदीनं निवारलं. आता नदीवरच संकट आलं तर नवस कुणाला करायचा, हा प्रश्न मी एकदा पंगतीत काढला होता. त्यावर शेजारच्या आजोबांनी “आधी भात घ्या” असं सुचवलं.

आपल्याकडे पावित्र्य आणि स्वच्छता ही दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही. पावित्र्याच्या खात्याकडे नदी कधीच मलीन होत नाही. म्हणून एकाच पायरीवर एक माणूस डोळे मिटून आचमन करतो आणि दुसरा निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून, नेम धरून, मधल्या धारेत भिरकावतो. दोघांनाही आपण पुण्यकर्म करतोय याची खात्री असते. आचमन डोळे मिटून करायचं, हा नियम ज्यानं घातला तो माणूस द्रष्टाच म्हणायला हवा.

तर लग्नानंतरच्या एका दिवाळीत मी वाईला गेलो तो पोट बिघडलेल्या अवस्थेतच. मामांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

“जावईबापू, तुमच्या त्या सांगलीच्या पाण्यातच काहीतरी आहे.”

“हो मामा,” मी म्हणालो, “तुम्ही आहात.”

त्या मुक्कामात मला दुसऱ्या करंजीचा आग्रह कुणी केला नाही.

मामांचं ह्या बाबतीतलं शास्त्र एका वाक्याचं आहे: वाहतं पाणी बाटत नाही. ते पूर्ण खोटं नाही, म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. नदीत सूक्ष्मजंतू असतात, ते घाण खातात. खाताना त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि पाणी दगडधोंड्यांवरून खळाळत गेलं की हवेतला प्राणवायू पुन्हा त्यात मिसळतो. थोडी घाण, भरपूर पाणी आणि मधे मोकळं अंतर असेल, तर नदी स्वतःला खरोखर धुऊन घेते. मामांच्या आजोबांच्या वाईला हे शास्त्र पुरत होतं. तेव्हा पाणी घागरीनं घरात यायचं आणि घागरीनं आलेलं पाणी माणूस घागरीच्या हिशेबानंच वापरतो. आता ते नळानं येतं आणि बटण दाबलं की जातं.

हा हिशेब मामांना आकड्यांत आवडेल म्हणून मी त्यांच्याच वहीत मांडून दाखवला. 2011 च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या 36,025. गटारयोजना असलेल्या शहरासाठी सरकारी मापानं माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं समजतात. ह्या मापानं वाईएवढ्या गावाचं सांडपाणी दिवसाला सुमारे 39 लाख लिटर होतं. त्यातलं 99.9 टक्के नुसतं पाणीच असतं. सगळी भानगड उरलेल्या हजारातल्या एका भागाची. मामांनी गुणाकार दोनदा तपासला, बरोबर आला, म्हणून ते थोडे नाराज झाले.

“पण वाहतंच आहे ना?” ते म्हणाले.

तेच तर नाही. उन्हाळ्यात कृष्णा एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंत उभी असते. धरणातून पाणी सोडलं की दोन दिवस नदी, एरवी डोह.

घाण मोजायचं जे माप आहे, बीओडी, त्याची गोष्ट ह्या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. पाण्यातली घाण पचवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल, ते हे माप सांगतं. चाचणी विलायतेत ठरली. नमुना पाच दिवस ठेवायचा. पाचच का, तर म्हणे इंग्लंडमधली कुठलीही नदी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते. त्यानंतर काय ते समुद्रानं बघावं. आपल्याकडची हवा उबदार आणि जंतूंची भूक मोठी, म्हणून आपल्या मानकानं तीच चाचणी 27 अंशांवर तीन दिवसांची केली. चाचणी आटोपशीर झाली, नदी झाली नाही. कृष्णेला बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे 1,400 किलोमीटर जायचंय आणि वाटेतल्या सगळ्या गावांना ती वरून प्यायची आहे.

विलायतेचा विषय निघालाच आहे तर 1858 चं लंडनही पाहून घेऊ. त्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारू लागली की काठावरच्या पार्लमेंटात सभासदांना बसवेना. पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावले, उपयोग झाला नाही. मग गटारयोजनेचा कायदा अवघ्या काही दिवसांत मंजूर झाला. तात्पर्य हवं असेल तर विधानभवन नदीकाठी बांधावं. आपलं समुद्राकडे आहे, तिकडे वारा खेळता असतो. पण मला त्यातली खरी गंमत पुढचीच वाटते. बॅझलजेट नावाच्या थोर इंजिनिअरनं मोठमोठी गटारं बांधली, लंडनची घाण शहराच्या खालच्या अंगाला पार लांब नेली आणि तिथे ओहोटीच्या वेळी जशीच्या तशी थेम्समध्ये सोडून दिली. साम्राज्यावर सूर्य मावळत नसला तरी गटाराचा विचार आपल्या वेशीपाशी मावळायचा. आमच्या ओढ्याचंही तेच चाललंय.

आता घरातल्या टाकीकडे येऊ. छोट्या गावात गटारयोजना क्वचितच असते. असते ती प्रत्येक घराची सेप्टिक टँक. कुटुंबातली ती सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत दुर्लक्षित सभासद. वास्तुशांतीला तिला अक्षता पडत नाहीत. वाटणीपत्रात तिचा उल्लेख नसतो. टाकी म्हणजे शुद्धीकरण, असा आपला गोड समज आहे. खरं तर टाकीत फक्त थोडी विश्रांती मिळते. जड ते तळाला बसतं, हलकं ते साय धरून वर तरंगतं आणि मधलं पाणी पुढे जातं. पुढे म्हणजे नियमानं शोषखड्ड्यात, व्यवहारात घरापुढच्या उघड्या गटारात. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला नाही, तर टाकीत विश्रांतीला जागा उरत नाही आणि आलेली मंडळी उभ्या उभ्या पुढे निघतात. आपण टाकी उपसतो कधी? ती वर आल्यावर. आणि ती वर येते गणपतीत, लग्नघरात किंवा नवे व्याही चहाला बसलेले असताना. तिला वेळेची जाण फार.

मग कुणीतरी ओळखीच्या टँकरवाल्याला फोन करतो. तो रात्री येतो, उपसतो, पैसे घेतो आणि जातो. कुठे जातो, हे विचारायची पद्धत नाही. ओढ्याच्या पुलावर टँकर दिवे मालवून उभा दिसला, तर समजून घ्यायचं आणि पुढे जायचं. गाव हागणदारीमुक्त झाल्याची कमान वेशीवर असते; नदी त्या कमानीखालून जात नाही.

ह्या बाबतीत वाईनं जे केलं ते मात्र माझ्या तोंडून कौतुकानंच निघतं, सासुरवाडी असूनसुद्धा. 2018 पासून वाई नगरपरिषदेनं, आणि पाठोपाठ नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनं, टाकी भरायची वाट न पाहता गावाचे भाग पाडून प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीनं उपसायला सुरुवात केली. देशात हे करणाऱ्या अगदी पहिल्या शहरांत ही दोन. दारात गाडी आली की वेगळे पैसे मागायचे नाहीत, स्वच्छता कर लावून खर्च सगळ्यांत वाटायचा. उपसलेला मैला ओढ्यात नाही, तर गावाच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचा. ऐकायला हे काहीच नाही. कोनशिला बसवावी असं ह्यात काही नाही, फीत कापायला जागा नाही, फोटोत काय दाखवायचं हा प्रश्न आहे. म्हणूनच मला ते मोठं काम वाटतं.

पण सरकारी कागदावर जे सोपं असतं ते वाईच्या जुन्या घरात तसं नसतं. मामांच्या दारात गाडी आली तेव्हा मी तिथे होतो. गाडीवरच्या मुलानं अदबीनं विचारलं, “काका, टाकी कुठाय?”

घरात शांतता पसरली. ज्या घरात पानिपतावर गेलेल्या पूर्वजाचं नाव सगळ्यांना पाठ, त्या घरात टाकी कुठे आहे हे एकालाही सांगता येईना. बांधणारा मिस्त्री केव्हाच देवाघरी गेला होता. मामांनी पहिली चाल खेळली.

“आमची टाकी कधी भरतच नाही. तीस वर्षांत एकदाही उपसावी लागलेली नाही.” हे त्यांनी मुलगा बोर्डात आल्याच्या अभिमानानं सांगितलं.

“काका,” मुलगा म्हणाला, “जी भरतच नाही, तिला टाकी म्हणत नाहीत. तिचं पाणी कुठूनतरी जातंय.”

द्रौपदीच्या थाळीच्या बरोबर उलट असा हा चमत्कार कृष्णाकाठी घरोघर आहे, आणि त्याचा लाभ कुणाला होतो हे मी तिथे बोललो नाही. करंजीचा अनुभव ताजा होता.

मग शोध सुरू झाला. माजघरातून आत्याबाईंनी सांगितलं की झाकण तुळशीवृंदावनाखाली आहे. घरातल्या थोरल्या लेकीच्या लग्नात अंगण शोभिवंत करायचं म्हणून तिथे वृंदावन बांधलं, असं त्यांना पक्कं आठवत होतं. झालं! रोज संध्याकाळी जिथे दिवा लावला त्या जागेबद्दल कुणी काही बोलेना. तुळस हलवायची तर मुहूर्त लागेल का, गाडी तेवढा वेळ थांबेल का, शेजारच्या काकू कुंपणावरून पाहताहेत त्यांना काय सांगायचं, अशा अनेक अंगांनी चर्चा झाली. तेवढ्यात गाडीवरच्या मुलानं हातातल्या पहारीनं इकडेतिकडे ठोकून पाहिलं आणि चार हातांवरच्या धुण्याच्या दगडाशी थांबला. खालून पोकळ आवाज आला. तुळस सुटली. आत्याबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. सासूबाई, म्हणजे मामी, मात्र बराच वेळ दगडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगबाई, इतकी वर्षं मी हिच्या डोक्यावर उभी राहून धुणं धुत्येय!”

झाकण निघालं, पाईप आत गेला आणि थोड्या वेळात काम संपलंसुद्धा. कुणी आत उतरलं नाही. हे सांगायचं कारण असं, की ह्या विषयात एवढ्याच जागी मला विनोद सुचत नाही. मुरलेल्या टाकीत विषारी वायू साठतो. एक माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही येत नाही. माणसाला अशा कामाला जुंपायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी दरवर्षी अशा बातम्या येतात. तुमच्या टाकीत उतरायला कुणी तयार असेल, तरी त्याला उतरू देऊ नका.

टाकी उपसली म्हणजे नदी सुटली असं अर्थातच नाही. मोरीचं पाणी, कपड्यांचा साबण, खरकटं, टाकीवरून वाहिलेलं मधलं पाणी, हे सगळं गटारानं चाललेलंच असतं. त्यासाठी शुद्धीकरण केंद्र लागतं, ज्याला गावात सगळे एसटीपी म्हणतात आणि नवीन माणूस एस.टी.चा डेपो समजतो. तिथे पहिल्यांदा असते एक जाळी. गावाचं खरं चरित्र वाचायचं असेल तर ग्रंथालयात जाऊ नका, ह्या जाळीपाशी उभे राहा. गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, केस, निर्माल्य, मोजे, मुलांची खेळणी, आणि ज्यांच्या नावाचा उच्चार घरात होत नाही अशा सगळ्या वस्तू तिथे राजरोस अडकलेल्या असतात. गावात ज्यांचा एकमेकांशी बोलायचा संबंध नाही अशा दोन आळ्या तिथे गळ्यात गळा घालून असतात.

जाळीपुढे वाळू खाली बसते आणि मग येतो तो खरा कारखाना: हौदात हवा सोडायची आणि जंतूंना जेवायला बसवायचं. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट ह्या दोघांनी 1914 साली ही युक्ती जगापुढे मांडली. सांडपाण्यात हवा खेळवली की त्यात जंतूंचा गाळ तयार होतो. पूर्वी तो टाकून देत. ह्या दोघांनी तो ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी ओतलं. काम कितीतरी लवकर झालं. हे मामींना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे विरजण.” मला एवढं चांगलं कुठल्याही पुस्तकात सांगितलेलं आढळलं नव्हतं. खाली बसलेल्या गाळातला थोडा पुन्हा हौदात घालायचा, उरलेला वाळवायला काढायचा. रोज.

हे जंतू म्हणजे नगरपालिकेचे सर्वांत आज्ञाधारक नोकर. सुट्टी नाही, ओव्हरटाइम नाही, मोर्चा नाही. त्यांना एकच गोष्ट लागते, हवा. आणि हवा विजेवर येते. वीज काही तास गेली की ते गुदमरतात, जास्त गेली की मरतात, आणि मग नवं विरजण लागायला कित्येक दिवस जातात. इथे आपल्या कारभाराचा कणा मोडतो. केंद्र बांधायला वरून अनुदान येतं. वीजबिल भरायला येत नाही. म्हणून अनेक गावांत एसटीपी असते पण तिचा आवाज नसतो. आवाज ज्या दिवशी येतो त्या दिवशी ओळखावं की पाण्याचा नमुना घ्यायला कुणीतरी येणार आहे. एका गावात, नाव कशाला घ्या, हौदाच्या काठी सुंदर बाग आहे, कारंजं आहे आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटीही आहे. आत गाळावर कमरेएवढं गवत वाढलेलं आहे. तेही कुणी तोडत नाही.

ह्यावरून माझं एक मत झालं आहे, ते इंजिनिअर मंडळींनी खुशाल खोडावं. पन्नास हजारांच्या आतल्या गावानं आधी टाक्या वेळेवर उपसाव्यात, मग ओढ्याच्या तोंडाशी जमेल तेवढं साधं केंद्र उभारावं आणि ते चालवायचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात बाजूला ठेवावेत. बंद पडलेल्या मोठ्या केंद्रापेक्षा चालणारं छोटं केंद्र नदीला बरं.

हे सगळं ऐकून झाल्यावर मामांनी चष्मा पुसला आणि भूगोलाच्या मास्तरानं विचारावा तसा प्रश्न विचारला. “जावईबापू, सांगलीच्या खाली कोण?”

सांगलीच्या खाली हरिपूर, तिथे वारणा मिळते. मग मिरजेचा कृष्णाघाट. मग नरसोबाची वाडी आणि कुरुंदवाड, तिथे पंचगंगा कोल्हापूर-इचलकरंजीचा आहेर घेऊन येते. आणि कुरुंदवाडला माझी धाकटी बहीण दिलेली आहे.

सांगलीचं सांडपाणी घेऊन शेरीनाला शहरातच कृष्णेला मिळतो आणि तो कितीतरी वर्षं सांगलीच्या राजकारणाला प्राणवायू पुरवतो आहे, नदीला जरी पुरवत नसला तरी. ते पाणी उचलून धुळगावला न्यायचं, तिथे शुद्ध करून शेतीला द्यायचं, अशी योजना झाली. कल्पना उत्तमच. नागपूरचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, मग धुळगावच्या रानाला सांगलीचं का नको? पण पंप थांबला की नाल्याला जुनी वाट आठवते, आणि ती वाट उताराची असते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बहिणीचा फोन येतो. “दादा, तुमच्याकडचं पाणी यंदा लवकर आलं हो. मासे वर आलेत.” पाण्यातला प्राणवायू संपला की मासे आधी वर तोंड करून श्वास घेऊ पाहतात आणि मग उताणे होतात. भाऊबीजेच्या ओवाळणीत मी तिला काय घालतो ते ती विसरते. हे विसरत नाही. आणि तिच्या खाली कोण, तर कर्नाटक. राज्याराज्यांचं कृष्णेच्या वाटपावरून लवादापुढे वर्षानुवर्षं भांडण चाललं. कुणाला किती टीएमसी पाणी, एवढाच वाद. त्या टीएमसीत काय काय विरघळलेलं आहे, ह्यावर सगळ्याच वकिलांचं मौन. माल वरचे देतील तो, वजन मात्र चोख हवं.

कृष्णा एरवी निमूट सगळं खाली नेते. 2019 च्या महापुरात मात्र तिनं सांगलीला हिशेब घरपोच करून दिला. पाणी उतरल्यावर गावभागातल्या दिवाणखान्यांत जो चिखल राहिला, त्यात आमचं आम्हाला ओळखू येत होतं. त्या वेळी मामांचा वाईहून रोज फोन यायचा. धोम धरणातून किती पाणी सोडलं ते सांगायचे. शेवटी एकदा हळूच म्हणाले, “जावईबापू, आमचंही असेल हो त्यात.” सासऱ्यानं जावयाला एवढं म्हणणं म्हणजे खूपच झालं.

तर वाचकहो, अंक मिटल्यावर एक करा. आपली टाकी कुठे आहे ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून घ्या आणि झाकण ज्याच्या खाली असेल ते तिथून हलवा. तीन वर्षं उलटली असतील तर नगरपालिकेत अर्ज द्या. पाळीची गाडी गावात येत नसेल तर पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला ती कधी सुरू होणार तेवढं विचारा. आणि तो टँकर उपसून कुठे रिकामा करणार, हे आधी विचारा.